पायाची जखम आणि व्यापाऱ्याची घाई

आपल्या व्यवसायात पाय हा सर्वांत उपेक्षित अवयव होय. गादीवर बसावयाचे ते जोडे बाहेर काढून, आणि गोदामातील थप्पी पाहावयाची तीही पुष्कळदा अनवाणीच. तेथे पडलेले दाभण किंवा खिळा निरोगी माणसास टोचताक्षणी कळतो. जुन्या मधुमेह्यास कळत नाही. त्याच्या पायातील मज्जातंतू बधिर झालेले असतात व रक्ताचा पुरवठाही बहुधा मंदावलेला असतो. वेदना नाही म्हणून जखमेची दखल नाही, दखल नाही म्हणून उपाय नाही, आणि अखेरीस पाय कापण्याची पाळी येते.

अशा जखमेवर त्वचारोपणाचा सल्ला मिळताच घरात घबराट पसरते. ही भीती अनाठायी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शस्त्रवैद्य बहुधा रोग्याच्याच मांडीवरील त्वचेचा पातळ पापुद्रा काढून जखमेवर बसवितात. मांडीची जागा साधारणतः दोन-तीन आठवड्यांत भरून येते. मात्र तत्पूर्वी जखम स्वच्छ होऊन तीत लाल मांसांकुर आलेले असावे लागतात, साखर आटोक्यात असावी लागते व पायास रक्त पुरेसे पोचावे लागते. ही विद्या आपणांस परकीही नाही. कापलेले नाक त्वचेने पुन्हा घडविण्याची रीत सुश्रुताने वर्णिली आहे, आणि पुण्यास झालेल्या तशाच शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापला गेला होता.

आपल्या समाजापुढे एक प्रश्न अधिक येतो. स्वतःच्या त्वचेविषयी कोणतीच शंका नाही. परंतु काही तयार कृत्रिम त्वचांत गाईगुरांपासून काढलेले कोलॅजन असते. ज्यांस ते वर्ज्य वाटते त्यांनी डॉक्टरांस आरंभीच विचारावे. पण या शंकेपायी उपचारच लांबणीवर टाकू नयेत.

तथापि त्वचारोपण म्हणजे कर्जमाफी नव्हे. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली १७ चाचण्यांतील १६५५ रुग्णांचा आढावा घेतला. त्यांपैकी बहुतेक चाचण्या कृत्रिम त्वचांच्याच होत्या. नेहमीच्या उपचारास अशी जोड दिल्यास जखमा भरण्याचे प्रमाण वाढते, असे त्यात आढळले. दीर्घकालीन लाभाविषयी मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाही. याचे मर्म उघड आहे. नवी त्वचा बसली तरी मधुमेह राहतोच व पायाचा बधिरपणाही राहतो. पापुद्रा रुजेपर्यंत पायावर भार पडता कामा नये, आणि पुढेही योग्य पादत्राणावाचून चालता कामा नये.

येथेच आपला स्वभाव आड येतो. सुगीची आवक सुरू झाली की आठ दिवसांतच आपण दुकानी हजर होतो. जो व्यापारी गिऱ्हाइकास दीड महिन्याची उधारी विश्वासाने देतो, त्याने स्वतःच्या पायास तितकी मुदत नाकारावी, हे कोणत्या हिशेबात बसते?

म्हणून माझी संघास विनंती आहे की, शस्त्रक्रिया झालेल्या सभासदाचे दुकान हंगामात शेजारच्या पेढ्यांनी पाळीपाळीने सांभाळावे, आणि मधुमेही सभासदास गादीवर व गोदामात मऊ पादत्राण घालण्याची मोकळीक असावी. घरोघरीही एक नियम व्हावा: सायंकाळी रोकड मेळविल्यावर दोन्ही तळपाय आरशात पाहावेत, दृष्टी अधू असल्यास मुलांकडून वा सुनांकडून पाहवून घ्यावेत. हंगाम पुढच्या वर्षी पुन्हा येतो. गेलेला पाय येत नाही.