गृहारोग्य : रक्तांतील शिबंदी

रोगप्रतिकारशक्ति हा शब्द अलीकडे घरोघरीं ऐकूं येतो. अमक्या काढ्यानें ती वाढते, तमक्या चूर्णानें ती दुणावते, असें छातीठोकपणें सांगणाऱ्या जाहिरातींना तर सुमारच राहिलेला नाहीं. परंतु ही शक्ति कोठें उत्पन्न होते व तिची वाढ कोण घडवितें, याचा विचार क्वचितच होतो. आज तिच्या एकाच अंगाचा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण ज्या घरांत कर्करोगावर औषधोपचार चालू असेल, तेथें या माहितीवर प्रसंगीं माणसाचा जीव अवलंबून असतो.

आपल्या हाडांच्या पोकळींत मज्जा असते. रक्तांतील तांबड्या व पांढऱ्या पेशींचें जन्मस्थान तेंच. पांढऱ्या पेशींपैकीं न्यूट्रोफिल नांवाच्या पेशी ही शरीराची पहिली शिबंदी होय. जंतु शिरले कीं प्रथम धांवून जाणाऱ्या व त्यांस गिळून टाकणाऱ्या त्या याच. मात्र त्यांचें आयुष्य फार अल्प असतें. म्हणूनच निरोगी माणसाची मज्जा दररोज सुमारें 10,000 कोटि नव्या न्यूट्रोफिल तयार करीत असते.

एवढी मोठी भरती कोणाच्या हुकमानें होते? 1965 च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत रे ब्रॅडली व डोनाल्ड मेटकाफ यांनीं, आणि इस्राएलांत डोव्ह प्लुझनिक व लिओ सॅक्स यांनीं, परस्परांपासून स्वतंत्रपणें, रक्तनिर्मिति करणाऱ्या पेशी अगारच्या थरांत वाढवून पाहिल्या. हें अगार म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील चायना ग्रासच! नुसत्या ठेवलेल्या पेशी वाढत ना. दुसऱ्या पेशींतून स्रवणारें कांहीं द्रव्य मिळालें म्हणजे मात्र त्यांच्या वसाहती उठत. या द्रव्यांस आपण वृद्धिप्रेरकें म्हणूं. त्यांपैकीं न्यूट्रोफिलांची भरती करणारें जें मुख्य, त्याचें नांव जी-सी-एस-एफ. 1986 सालीं त्याचें मानवी जनुक हातीं आलें, आणि जंतूंकरवींच तें तयार करून 1991 सालीं अमेरिकेंत फिलग्रॅस्टिम या नांवानें औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. ज्या जंतूंशीं लढावयाचें, त्यांच्याच जातभाईंकडून शस्त्र घडवून घ्यावें, हें मोठें नवलच म्हणावयाचें.

शरीराचा स्वतःचा बंदोबस्तही पाहण्याजोगा आहे. जंतूंचा शिरकाव झाला कीं तेथील पेशी हें प्रेरक अधिक स्रवतात. तें रक्तावाटे मज्जेपर्यंत पोंचतें. मज्जा तयार शिबंदी बाहेर सोडते व नवी भरती वाढविते. न्यूट्रोफिल पुष्कळ झाल्या कीं त्याच हें प्रेरक शोषून घेतात आणि भरती आपोआप मंदावते.

आतां उपचारांकडे वळूं. कर्करोगावरील पुष्कळशीं औषधें झपाट्यानें विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्या तडाख्यांत मज्जाही सांपडते. बहुधा सात ते चौदा दिवसांनीं न्यूट्रोफिलांची संख्या नीचांकास जाते. एक घन मिलिमीटर रक्तांत ती 500 च्या खालीं गेली म्हणजे साधा जंतुही घातक ठरूं शकतो. अशा वेळीं प्रेरकाचें इंजेक्शन दिल्यास हा धोक्याचा काळ कमी होतो. तें उपचारानंतर निदान 24 तासांनीं देतात. कारण आधीं दिल्यास नव्यानें वाढूं लागलेल्या पेशीच औषधाच्या माऱ्यांत सांपडतील. इंजेक्शनानंतर कंबर व हाडें दुखणें हें सामान्य आहे. पण पोटाच्या डाव्या बाजूस वर तीव्र वेदना झाल्यास डॉक्टरांस तात्काळ कळवावें.

मात्र हें इंजेक्शन म्हणजे निरोग्यांचें शक्तिवर्धक नव्हे. एक तर तें शिबंदीची संख्या वाढवितें, प्रतिकारशक्तीचीं सर्व अंगें नव्हे. दुसरें असें कीं, या कुळांतील जी-एम-सी-एस-एफ नांवाचें प्रेरक संधिवातांत सांध्यांचा दाह वाढविण्यास हातभार लावतें. जास्त तें चांगलें, हा न्याय येथें लागू पडत नाहीं.

एकत्र कुटुंबांत रुग्णाच्या समाचारास येणाऱ्यांची वर्दळ असते, ती या दिवसांत आवरावी. सर्दी-खोकला झालेल्यानें दुरूनच विचारपूस करावी. हात साबणानें धुतल्यावांचून कोणीही रुग्णाजवळ जाऊं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ताप. पेशी कमी असतांना पू, सूज हीं नेहमींचीं लक्षणें दिसतीलच असें नाहीं. कित्येकदां ताप हाच एकटा इशारा असतो. पारा 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला कीं काढा करीत बसूं नये, किंवा डॉक्टरांस विचारल्यावांचून पॅरासिटामॉल देऊन ताप झांकूं नये. तासांचाही विलंब महाग पडतो.

म्हणून आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, रात्रीं ताप चढल्यास कोणत्या रुग्णालयांत न्यावयाचें व बरोबर कोणीं जावयाचें, हें वडीलधाऱ्यांनीं आधींच ठरवून ठेवावें. रुग्णाच्या उशाशीं बसलेल्या सुनेला त्या घटकेस कोणाची परवानगी मागत बसावें लागूं नये.