घरकुलाच्या यादीसाठी धंदा लपवू नका

घर घेण्याच्या विषयावर व्हिडिओ केला की एक प्रश्न हमखास येतो. भिंगारमधून येतो, नागरदेवळ्यातून येतो, दरेवाडीतून येतो: "सर, उद्यम काढला तर घरकुल जाईल का?"

हो, जाईल. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या अपात्रतेच्या यादीत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. सरकारकडे नोंदवलेला बिगरशेती व्यवसाय असेल, घरात कुणी आयकर किंवा व्यवसाय कर भरत असेल, कुणी एक जण महिन्याला १५,००० रुपयांपेक्षा जास्त कमावत असेल, दारात रिक्षा, टेम्पो किंवा चारचाकी असेल, तर नाव बाहेर. मग लोक काय करतात? दुकान जोरात, काउंटरवर क्यूआर कोड, गिऱ्हाईक उभं आणि कागदावर धंदाच नाही. उद्यम नाही, रिटर्न नाही. यादीत नाव येईल म्हणून पाच-पाच वर्षं वाट बघायची.

एक तर हे खोटं आहे. ते बाजूला ठेवलं, तरी व्यापारी म्हणून बघा, हा सौदा तोट्याचा आहे.

घरकुलाचं मूळ अनुदान आपल्याकडच्या सपाट भागात १,२०,००० रुपये. शौचालयाचे १२,००० वेगळे. जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला मदत मिळते. हे पैसे किमान २५ चौरस मीटरचं घर बांधण्यासाठी आहेत, तयार घर विकत घेण्यासाठी नाहीत. राज्याची भर धरली तरी आजच्या वाळू, सिमेंट आणि मिस्त्रीच्या भावात एवढ्यात घर पुरं होत नाही, हे एकदा बांधकाम काढलेल्या माणसाला विचारा. उरलेला पैसा कुठून आणणार? कर्ज काढून. आणि कर्ज मागायला गेलात की बँक पहिलं काय मागते? रिटर्न! जे तुम्ही घरकुलासाठीच भरलेलं नसतं. मग पाहुण्यांकडून उसने, सोनं गहाण, नाहीतर शेकडा तीनचं खाजगी व्याज.

ज्यांना खरोखर गरज आहे, मोलमजुरी करतात, भाजीची पाटी घेऊन बसतात, त्यांनी घरकुल हक्कानं घ्यावं. लाजू नका, ग्रामसेवकाकडे चार चकरा माराव्या लागल्या तरी मारा. मी बोलतोय ते महिन्याला २५-३० हजार कमावणाऱ्या दुकानदाराशी.

तुमच्यासाठी दरवाजा वेगळा आहे. शहरी आवास योजनेचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून आहे, त्यात गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान मिळतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठंही पक्कं घर नसावं. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत, जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत.

आता भिंगारची गंमत. इकडची गल्ली छावणीत, थोडं पुढं गेलं की ग्रामपंचायत, दुसऱ्या बाजूला महापालिका. योजना ग्रामीण लागू की शहरी, हे हद्दीवर ठरतं. म्हणून घर बघायला जाण्याआधी ते कुणाच्या हद्दीत येतं हे लेखी विचारून घ्या. एजंटाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

एक हिशेब करू. १६ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज. १५ वर्षांसाठी हप्ता साधारण १६,२३० रुपये, एकूण व्याज १३.२१ लाख. तेच कर्ज २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १४,४०० च्या आसपास आणि व्याज १८.५५ लाख. म्हणजे महिन्याला १,८३० रुपये वाचवायला गेलात आणि ५.३४ लाख जास्त दिलेत. सरकारचं पूर्ण अनुदान मिळून १.८० लाख! लोक अनुदानासाठी बिल्डरच्या ऑफिसात भांडतात आणि मुदतीच्या रकान्यात एजंट लिहील ते मान्य करतात. अजून एक मेख आहे. अनुदानाचा हप्ता येताना कर्ज चालू आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असायला लागतं. दिवाळीच्या सीझनची कमाई कर्जात भरणार असाल तर हे आधी बघा.

अमेरिकेत ग्रामीण घरांसाठी तिथलं कृषी खातं बँकेला ९० टक्क्यांपर्यंत हमी देतं, त्यामुळे पदरचं काही न घालता कर्ज मिळू शकतं. आपल्याकडे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देते. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून. घर पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे, ती सोडू नका.

आणि कागद. छावणीत सातबारा चालत नाही, तिथे जनरल लँड रजिस्टरचा उतारा लागतो. ओल्ड ग्रँटची जागा असेल तर जमीन सरकारची, तुमच्या हाती फक्त वरचं बांधकाम. भाडेपट्टा असेल तर किती वर्षं उरलीत ते बघा. ग्रामपंचायतीच्या हद्दीत विकणारा नमुना ८ दाखवतो. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. गावठाणात असाल तर स्वामित्व योजनेची मिळकत पत्रिका झाली आहे का ते विचारा. एन.ए. नसलेला, नोटरीवर विकलेला गुंठा-दोन गुंठ्यांचा प्लॉट तर बँक दारातच उभा करत नाही.

राहिला रिटर्न. समजा उलाढाल ४० लाख, त्यातली निम्मी ऑनलाइन. अनुमानित पद्धतीनं रोखीवर ८ आणि ऑनलाइनवर ६ टक्के, म्हणजे किमान २.८० लाख उत्पन्न दाखवावं लागतं. खरं जास्त असेल तर खरं दाखवा. बँकेनं त्यातलं निम्मं हप्त्याला धरलं तरी २० वर्षांच्या मुदतीत जवळपास १३ लाखांचं कर्ज बसतं. बँका सहसा दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात. यंदा पहिला भरलात तर तिसरा भरून होईपर्यंत मार्जिनचे दोन-अडीच लाख बाजूला पडायला हवेत, आणि ते दुकानाच्या गल्ल्यात नको, वेगळ्या आवर्ती ठेवीत ठेवा.