पिठाचा कोंबडा आणि कागदावरचा ठिपका



नात रायफल नेमबाजीच्या वर्गाला जायला लागून तीन महिने झाले. तेव्हापासून बस्तीत माझ्या शेजारी बसणाऱ्या कमी झाल्यात. परवा स्वाध्यायानंतर एका वहिनींनी सगळ्यांदेखत विचारलं, "अक्का, अष्टमीला तुम्ही हिरवी भाजी चिरत नाही, आणि नातीच्या हातात बंदूक?"

वर यशोधर राजाची कथा काढली. आईच्या हट्टापायी त्याने जिवंत नव्हे, पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी मायलेकांना किती जन्म पशुयोनीत हिंडावं लागलं! मुद्दा वजनदार आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण वहिनी, फळ पिठाचं नव्हतं, संकल्पाचं होतं. राजाने तो कोंबडा समजूनच कापला. माझ्या नातीसमोर दहा मीटरवर काळं वर्तुळ असतं आणि त्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान. त्यात कुठला जीव कल्पायचा? पूर्वी ऑलिंपिकमध्ये पळत्या हरणाच्या आकृतीवर गोळ्या झाडायची स्पर्धा होती, १९०८ पासून. तसलं काही, किंवा माणसाच्या आकाराचं लक्ष्य असतं, तर मीच दार लावलं असतं. तिथे तुमची कथा बरोबर लागू पडते.

आणि १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य घेतलं, तेव्हा आपल्याच ग्रुपवर पेढे वाटले गेले ना? तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, तिचंही कौतुक आपण अजून सांगतो. कोल्हापूरची लेक म्हणून! एकच व्यवहार दुसऱ्याच्या वहीत नफा आणि आपल्या वहीत पाप, असला ताळेबंद मला बी.कॉम.ला कुणी शिकवला नाही.

ज्यांच्या मुली हळूच विचारतात त्यांच्यासाठी सांगते. आधी रायफल विकत घेऊ नका, चांगली परदेशी लाखांच्या घरात जाते. क्लबची वापरू द्या. सुरुवातीचे कित्येक दिवस छर्रा भरतच नाहीत. नुसतं उभं राहायचं, श्वास अर्धा सोडून थांबायचं, चाप हळू दाबायचा. रायफल साडेपाच किलोपर्यंत असते आणि स्पर्धेत साठ नेमांना सव्वा तास. रागावलेल्या मुलीला हे जमत नाही, मी बघितलंय. आमची आता भांडण झालं की आधी श्वास मोजते. (आईशी भांडताना मात्र नाही.) छर्रे शिशाचे असतात, म्हणून घरी आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय ताटावर बसू देऊ नका. लांबचा नेम, म्हणजे पन्नास मीटर, नंतर. त्याच्या पॉइंट टू टू रायफलीला परवाना लागतो, आणि वाऱ्याकडे बघून नेम सरकवायला शिकावं लागतं.

वहिनींनी विचारायचंच होतं तर जाकिटाचं विचारायला हवं होतं. नेमबाजीच्या जाड जाकिटाला कोपरांवर आणि खांद्यावर बहुधा चामडं लावतात. एवढ्या चर्चेत ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी दुकानदाराला सांगितलं, रेक्झिन लावून देत असाल तरच घेईन. तो म्हणाला, पंधरा दिवस थांबा. थांबलेय.