गोंगाटाच्या तक्रारीला घोषणा हे उत्तर नव्हे

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घराची ओळख आपल्या वाचकांना करून देण्याची गरज नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन स्मारक केले. पुढे २०१८ मध्ये कॅमडेन कौन्सिलने संग्रहालयाची परवानगी नाकारली, २०१९ मध्ये अपिलाची सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या गृहनिर्माण मंत्र्यांनी परवानगी दिली. आपण आनंद व्यक्त केला आणि विषय मिटला असे समजलो.

कौन्सिलच्या नकाराचे कारण होते राहत्या घराची जागा कमी होते हे. शेजाऱ्यांची तक्रार मात्र वेगळी होती. बस भरभरून माणसे येतात, गोंगाट होतो, असे त्यांचे म्हणणे. त्यावर आपल्यातील अनेकांनी हा जातीयवादच, असा निकाल देऊन टाकला. मला ते तेव्हाही पटले नव्हते. वकिली करणाऱ्याला तक्रारीच्या प्रत्येक परिच्छेदाला स्वतंत्र उत्तर द्यावे लागते, आणि "गोंगाट होतो" याला "आमचा अपमान झाला" हे उत्तर होत नाही. दहा एप्रिलपासून डी.जे.च्या भिंतीशेजारी राहणारे आपलेच म्हातारे-कोतारे काय म्हणतात, ते एकदा ऐकावे!

या तक्रारीला एक साधे कारागिरीचे उत्तर आहे. लंडनच्या जुन्या घरांना वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या असतात. काच पातळ, चौकटीला फटी. जिथून वारा येतो तिथून आवाजही येतो आणि जातोही. यादीत नोंदलेल्या ऐतिहासिक इमारतीची मूळ खिडकी काढण्याची परवानगी तिथे सहजी मिळत नाही. म्हणून खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी काचेची चौकट बसवतात. याला सेकंडरी ग्लेझिंग म्हणतात. रस्त्यावरून घराचे रूप बदलत नाही, आणि उद्या नको झाली तर स्क्रू काढून चौकट उतरवता येते. त्यामुळे जतन करणारे अधिकारीही तिला सहसा आडवे येत नाहीत.

यातली खरी मेख दोन काचांमधल्या अंतरात आहे. बाजारातल्या नव्या दुहेरी काचेच्या खिडकीत हे अंतर जेमतेम दोन सेंटिमीटर असते. ते उबेसाठी ठीक, पण बसच्या इंजिनाची घरघर त्याने फारशी अडत नाही. आवाज अडवायचा तर निदान दहा, जमल्यास पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर हवे. जुन्या भिंती जाड असल्याने ते मिळतेही. आतली काच बाहेरच्या काचेपेक्षा वेगळ्या जाडीची घ्यावी, म्हणजे दोन्ही एकाच सुरात थरथरत नाहीत. चौकटीला रबरी पट्टी नीट बसली पाहिजे, नाहीतर सगळा खर्च फटीतून जातो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो.

सगळे प्रश्न काचेने सुटत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीतून जाणारा आवाज खिडकी अडवू शकत नाही. फुटपाथवर फोटो काढताना दिलेल्या घोषणा तर नाहीच नाही. तिथे गट लहान ठेवणे आणि बस लांब थांबवणे हाच उपाय. मुंबईतही हा प्रकार जसाच्या तसा उचलता येणार नाही. आपल्या उकाड्यात खिडकी बंद केली की पाठोपाठ एसी आला.

पण हे सगळे फक्त शेजाऱ्यासाठी करायचे आहे काय? त्या घरात जो तरुण राहत होता, तो लंडनच्या ग्रंथालयांत दिवसदिवस बसून वाचणारा होता. त्याच्या स्मारकात जाऊन कोणाला तासभर पुस्तक वाचत बसावेसे वाटले, तर ती खोली शांत हवी. घर महाराष्ट्र शासनाच्या मालकीचे आहे, म्हणजे खर्चाचा जाब विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. रंगरंगोटीची पुढची निविदा निघेल तेव्हा आधी ध्वनिमापन करून घ्यावे, आणि वाचनाच्या खोलीची व शेजाऱ्याच्या बाजूची खिडकी त्या कामात पहिली धरावी, असे निवेदन सामाजिक न्याय विभागाकडे द्यायला हवे. मसुदा मी करून देतो. सह्या संघटनांनी गोळा कराव्यात.