न वाचता केलेल्या सह्या

सही ही तपासल्याची खूण असते, असे बँकेत नव्या कारकुनाला शिकवतात. न तपासताही सही करता येते, हे तो आपले आपण शिकतो. ही विद्या आमच्या धंद्याबाहेर गेली नसेल, असे वाटत होते. पण जावात प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींनी ती केव्हाच उचलली आहे!

वेबपानावर आपण फॉर्म भरतो : नाव, पत्ता, पिनकोड. पलीकडे प्रोग्रामात त्याच नावांचे कप्पे असलेला एक ऑब्जेक्ट असतो. रकान्यातले कप्प्यात टाकायचे, एवढेच काम. पण १९९७ च्या जावाबीन्स नियमावलीने रीत पाडली : आत टाकायला सेटर, बाहेर काढायला गेटर. म्हणजे वीस कप्पे, चाळीस शिपाई!

आता तुम्ही म्हणाल, पहारा असलेला बरा. अहो, पहारा असता तर मीच चहा पाजला असता! पिनकोड सहा आकडी आहे का, एवढे पाहणारा सेटर मला वंदनीय आहे. पण बहुतेक सेटर आले ते मुकाट आत टाकतात.

आणि चोर? २०२२ साली, ऐन ३१ मार्चला, आम्ही क्लोजिंगमध्ये बुडालेले असताना, 'स्प्रिंग' या जावाच्या चौकटीतले 'स्प्रिंगफोरशेल' नावाचे भोक जाहीर झाले. प्रत्येक जावा ऑब्जेक्टला 'गेटक्लास' हा गेटर जन्मजात असतो. फॉर्ममध्ये भलत्याच नावाचा रकाना घुसडायचा आणि या गेटरचे बोट धरून थेट टॉमकॅट सर्व्हरच्या सेटिंगपर्यंत जायचे! असेच भोक २०१० साली बुजवले होते. २०१७ च्या जावा ९ ने शेजारून नवी वाट दिली. चाळीस शिपाई जागेवर होतेच. चोराला आत नेले ते त्यांच्याच भाऊबंदाने.

त्याच स्प्रिंगमध्ये रकाने थेट कप्प्यांना जोडायची सोय आहे. ती वापरा. तपासणीचा नियम कप्प्यावरच लिहा. आणि कोणते रकाने स्वीकारायचे, त्याची यादी दाराशी लावा. यादी हवीच हवी. नाहीतर एखादा ग्राहक पत्ताबदलाच्या फॉर्ममध्ये 'शिल्लक' हा रकाना वाढवील, आणि पाठोपाठ शिल्लकही!

मग चाळीस शिपायांना खुशाल घरी पाठवा. ते गेल्याचे कुणाच्या लक्षात येणार नाही. ते होते तेव्हा तरी कुठे येत होते?