ग्रीकांनी नावाजलेला कापूस आणि चकलांब्याचे शिवार

१/ भारतातील रानझाडांना फळ म्हणून लोकर येते आणि ती मेंढीच्या लोकरीहून सरस असते, असे हिरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात लिहिले. हा दाखला अभिमानाने दिला जातो. झाड कोणते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

२/ तो आपला देशी कापूस. थिओफ्रास्टसच्या मते ओळींत लावलेली ही झाडे दुरून द्राक्षवेलींसारखी दिसत. पुढे इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांची नोंद आली. तगरचे विपुल सुती कापड बिकट वाटांनी, गाड्यांवरून भडोच बंदरी जाई.

३/ गेवराई तालुक्यातील चकलांबा याच पैठण-तेर पट्ट्यातले. कापूस हे आजही या भागाचे मुख्य पीक. पण वंश बदलला! गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून अमेरिकन कापूस आला. २००२ पासून बीटी संकरित वाण आले. गुलाबी बोंडअळीने त्यांनाही जुमानले नाही, आणि बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते.

४/ देशी कापूस अवर्षण व रसशोषक किडी अधिक सोसतो. त्याच्या सरळ वाणांचे बी घरी राखता येते. आखूड धाग्याची सबबही आता पुरती टिकत नाही, कारण परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाण सिद्ध केले आहेत. हिरोडोटसचे वाक्य मिरवणाऱ्यांनी त्या वाणांना बाजारात भाव का मिळत नाही, हेही विचारावे.