युरोपची सफर आणि आपली पेठ

युरोपची सफर करून येणारीं कुटुंबें आतां केवळ मुंबई-पुण्याचींच राहिलेलीं नाहींत. नांदुऱ्यास रेल्वेंत बसावें, मुंबई गांठावी व तेथून विमान धरावें, इतकें तें सुलभ झालें आहे. ज्या समाजांत एके काळीं परदेशगमनाबद्दल प्रायश्चित्त घ्यावें लागे, त्याची ही प्रगति कोणासहि आनंद देईल.

परंतु सफर करावी कशी, हें आम्ही अद्याप शिकलों नाहीं. दहा दिवसांत सात देश, आयफेल मनोऱ्यापुढें एक छायाचित्र, आल्प्सच्या बर्फांत दुसरें, आणि रात्रीं उतारूगृहांत आपलाच वरणभात! दिलेल्या रुपयांत स्थळें किती पदरांत पडलीं, हा हिशेब दुकानांत शोभतो. प्रवासांत तो प्रवाशासच ठकवितो. कारण युरोपांतील शहरांत पाहण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे तेथील माणसांची फुरसत, आणि ती धांवत्या गाडीच्या खिडकींतून दिसत नाहीं.

व्हिएन्नाचीं कॉफीगृहेंच घ्या. एक पेला कॉफी मागवावी. सोबत पाण्याचा पेला येतो, लांकडी दांडींत अडकविलेलीं वर्तमानपत्रें असतात, आणि दोन तास बसलें तरी उठा असें कोणी म्हणत नाहीं. ऑस्ट्रियानें २०११ सालीं ही रीत आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत नोंदविली. त्याच शहरांतील सरकारी संगीत-नाट्यगृहांत उभे राहून ऐकणारासाठीं अल्प दराचीं तिकिटें असतात. श्रीमंताच्या खुर्चींत जो स्वर पोंचतो तोच त्यालाहि. (इटलींत मात्र बसून घेतलेली कॉफी उभ्यानें घेतलेलीहून बहुधा महाग पडते, हिशेबी प्रवाशानें दर आधीं विचारावा.)

आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही इटलींतीलच बोलोन्या नगर विशेषेंकरून सुचवूं. तेथें १२८८ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, नवें घर बांधणारानें आपल्याच जागेंत, आपल्याच खर्चानें, रस्त्याच्या बाजूस कमानींची पडवी काढावी व ती येणाऱ्याजाणाऱ्यांस मोकळी ठेवावी. जमीन घरमालकाची, सांवली सर्वांची. अशा पडव्या आज सुमारें ६२ किलोमीटर आहेत, आणि त्यांतील निवडक भागांस २०२१ सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांखालीं दुकानें चालतात, म्हातारे बसतात, मुलें खेळतात. व्यापार बुडाल्याचें कोणी सांगत नाहीं. आमच्याकडे उलट, रस्ता सर्वांचा असतांना दुकान त्यावर उतरतें, आणि चालणारा गाड्यांच्या वाटेंत ढकलला जातो.

याहून गंभीर गोष्ट स्त्रियांची. तेथें भर दुपारीं एखादी बाई चौकांतल्या टेबलाशीं एकटीच पुस्तक वाचीत बसते, व त्यांत कोणास नवल वाटत नाहीं. आमच्या पेठेंत बाई येते ती कामानें: किराण्यास, दवाखान्यांत, फार तर देवळांत. काम संपलें कीं घरीं. विनाकारण तासभर बसण्याचा हक्क पानाच्या दुकानापुढें पुरुष रोज बजावतो. तिला तो कोणत्या ठिकाणीं आहे? पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानांतील खुर्चीवर निर्धास्त बसून आलेली गृहिणी गांवीं परततांच पुन्हां उंबऱ्याच्या आंत जाते, आणि तिचे यजमान शेजाऱ्यांस छायाचित्रें दाखवितात! महर्षि कर्वे १९२९ सालीं, सत्तरी उलटल्यावर, युरोपांत गेले ते स्त्रीशिक्षणाचें कार्य जगापुढें मांडण्यासाठीं. त्या प्रवासापुढें हा प्रवास किती तोकडा दिसतो!

पैसा नाहीं ही सबब आम्हांस मान्य नाहीं. ज्या गांवांत १०५ फुटी हनुमंताची मूर्ति उभी आहे, तेथें झाडाखालीं दहा बांकें, एक दिवा व स्वच्छ शौचगृह यांस द्रव्य कमी पडूं नये. नगरपरिषदेनें एवढें करावें. आणि दुकानदारांनीं पायरीपुढें रचलेलीं पोतीं व खोकीं निदान संध्याकाळीं पांच ते सात आंत घ्यावीं; युरोप पाहून आलेल्यांनीं आरंभ स्वतःच्या दुकानापासून करावा.